खेचराची चाल

संप लांबत चालला होता आणि आमच्या लालबागच्या चाळीत दिवसाढवळ्या पुरुषमाणसं दिसण्याची सवय हळूहळू होत होती. त्याआधी दुपारी गॅलरीत कुणी पुरुष दिसला, तर तो आजारी तरी असायचा नाहीतर रात्रपाळीचा. आता अख्खा मजला दुपारी कठड्याला टेकून उभा. सकाळी सभेला जायचं, नाक्यावर बातम्या ऐकायच्या, घरी येऊन जेवायचं आणि मग खाली बघत राहायचं. खाली बघण्यासारखं काही नसायचं. त्यामुळे आमच्या घरात भांडण पेटलं तेव्हा मजल्याला केवढं बरं वाटलं असेल, ते आता कळतं.

भांडण माझ्या वडिलांचं आणि मामाचं. एका गाण्याची चाल कुणाची, यावरून.

बाबा गिरणीत साच्यावर होते, म्हणजे कापड विणायच्या मागावर. आणि घरी आले की चाळीच्या भजनमंडळाचे बुवा. मालवणकडचे. साच्यांच्या खडखडाटात पलीकडच्या माणसाशी बोलायची सवय असल्यामुळे ते 'मीठ दे' म्हणाले तरी शेजारच्या खोलीतून मीठ यायचं. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या खोलीत भजन असायचं आणि शेवटी दत्ताचा गजर. हा गजर बाबांचा हुकमी एक्का होता. आधी संथ, मग एकेक पायरी चढत जायचा, आणि शेवटी अशी काही धाव घ्यायचा की पखवाजवाल्याच्या कपाळावरून घाम टिपायला दुसरा माणूस लागायचा.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. ठाकूरद्वारच्या एका वाडीत एकटाच राहायचा आणि फोर्टातल्या एका कचेरीत कारकुनी करायचा. लग्न केलं नव्हतं. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, पण कानांवरचे मात्र त्यानं जुन्या इतमामात राखले होते, कारण साठच्या दशकात त्याचा एक 'बीट ग्रुप' होता. पाच पोरं, तीन गिटारी, एक ड्रम आणि एक नुसताच खुळखुळा वाजवणारा, कारण त्याच्या वडिलांची तालमीची जागा होती. अमेरिकेत अशा पोरांना गॅरेज बँड म्हणायचे, हे मला पुढे कळलं. गाडी ठेवायच्या खोलीत वाजवायचे म्हणून गॅरेज. मामाच्या वाडीत गाडी एकच होती, ती हातगाडी, आणि ती उघड्यावर असायची. त्यामुळे हे पाचजण एका मांडववाल्याच्या गोदामात, लग्नाच्या खुर्च्यांच्या उतरंडीत बसून वाजवायचे.

त्या रविवारी मामा आमच्याकडे बांगडे घेऊन आला. संप सुरू झाल्यापासून तो दर रविवारी काहीतरी आणायचा आणि 'वाटेत स्वस्त मिळाले' असं तोंडातल्या तोंडात म्हणायचा. त्या दिवशी त्याच्या खांद्याला गिटारही होती. परळच्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून ती तो नीट करून आणत होता. जेवणं झाली. बाबा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. हल्ली ते बराच वेळ तसे पडून राहायचे, झोप लागलेली नसतानाही. मी मामाला म्हटलं, "वाजव ना काहीतरी."

मामानं गिटार मांडीवर घेतली, घसा साफ केला आणि म्हणाला, "हे आमचं स्वतःचं. आम्ही बसवलेलं. गिरगावात पोरं वेडी झाली होती ह्याच्यावर."

आणि तो वाजवायला लागला. इंग्रजी गाणं होतं. शब्द त्याच्या नाकातून येत असल्यामुळे मला समजत नव्हते. दोन ओळी झाल्या असतील-नसतील, बाबा ताडकन उठून बसले.

"ह्यो तर आमचो गजर!" ते म्हणाले. "खंय गावलो तुका?"

मामा थांबला. "कसला गजर, भाऊजी?"

"दत्ताचो! दर गुरुवारी म्हणतंय तो!"

मामा गुरुवारच्या भजनाला कधी आलेला नव्हता. गुरुवारी त्याचं कचेरीत काम असायचं, असं तो म्हणायचा. बाबांनी तिथल्या तिथे मांडीवर ताल धरून गजर म्हणून दाखवला. मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. शब्द सोडले तर फरक फार नव्हता. बाबांचं चढत जायचं, मामाचं आल्या आल्या उधळायचं, पण वळणं तीच.

मामा गोरामोरा झाला, पण माघार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. "भाऊजी, ही चाल आमच्या ग्रुपची आहे. तुमच्याकडे कशी आली, ते तुम्ही बघा."

"माझ्या बुवांनी माका दिलेली चाल ही! गावाक. देवळात. तू तेव्हा चड्डीत होतास!"

"भजनी लोक सिनेमाच्या चाली उचलतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे."

हे वाक्य गॅलरीतल्या शेजाऱ्यांनी ऐकलं. दार तर उघडंच होतं. तेवढ्यात दारात दोन डोकी आली, मग पाच. कुणीतरी म्हणालं, "बुवा, ह्याचा निकाल लागायलाच पाहिजे." तोपर्यंत पखवाजवाला वरच्या मजल्यावरून खाली आलाही होता. संध्याकाळपर्यंत मजल्याचे दोन तट पडले: बुवा पार्टी आणि गिटार पार्टी. गिटार पार्टीत बहुतेक ते होते, ज्यांना बाबांनी कधीतरी बेसूर म्हणून भजनातून उठवलं होतं.

निकाल लावायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजात इंग्रजी घेतलं होतं, म्हणजे परदेशी मुद्दा मला कळणार, आणि मी मुलगी बाबांची आणि भाची मामाची, म्हणजे पक्षपात करायचा तर कुणाच्या बाजूने करू? दोघांनाही मी आपलीच वाटत होते. मी दोघांनाही तसंच वाटू दिलं. बाबांना सांगायचे, "मामा जरा घाबरलेला दिसला." मामाला सांगायचे, "बाबा हल्ली झोपेत गजर म्हणतात." एवढी मजा मला त्या वर्षात दुसऱ्या कशातच येत नव्हती.

आई या सगळ्यात नव्हती. संपात घर चालावं म्हणून ती लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडायला जायची. मसाला कुटायच्या डंखाचे ठोके आमच्या खोलीपर्यंत ऐकू यायचे. ती घरी आली की आधी आम्ही सगळे शिंकायचो आणि मग ती चहा टाकायची. भांडणाचा विषय निघाला की ती स्टोव्हला पंप मारायला लागायची. स्टोव्हच्या आवाजात कुणाचंच काही ऐकू यायचं नाही.

मी तपासाला लागले. फोर्टात फुटपाथवर जुन्या रेकॉर्डी विकणारा एक माणूस बसायचा. त्याच्याकडे गेले, पण अडचण अशी की मला गाण्याचं नाव माहीत नव्हतं. मामाला विचारलं तर तो म्हणे, "आमच्याच गाण्याला आम्ही नाव कशाला ठेवू?" म्हणून मी त्या विक्रेत्यासमोर उभी राहून चाल गुणगुणायला लागले. येणारे-जाणारे वळून बघायला लागले.

"ताई, गाऊ नका," तो म्हणाला. "गिऱ्हाईक पळतंय. नाव सांगा."

"नाव नाही माहीत. माझ्या मामानं बनवलंय."

"पुन्हा एकदा म्हणा," तो म्हणाला. मी म्हटलं. तो हसायला लागला. "हे तुमच्या मामानं बनवलं? मग माझ्या मामानं ताजमहाल बांधला. अहो, हे त्या वेळी मुंबईतला प्रत्येक ग्रुप वाजवायचा. वांद्र्यापासून कुलाब्यापर्यंत."

त्यानं खाली वाकून एका खोक्यात हात घातला आणि एक छोटी रेकॉर्ड काढली. कडेला टवका उडालेला होता. पाकिटावर पाच गोरी पोरं, एकसारखे कोट, एकसारखे केस, आणि त्यांच्या मागे खरोखरच गॅरेजचं दार. पाचांपैकी चारांच्या हातांत वाद्यं होती. पाचवा नुसता उभा होता. मला वाटलं, ह्याच्या वडिलांचं गॅरेज असणार.

पुढच्या रविवारी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मामानं आपला पेटीसारखा रेकॉर्ड प्लेअर आणला होता, नेमकं काय ऐकायचंय ते न कळताच. मी त्याला सांगितलं होतं, "पुरावा सापडलाय, तुझ्या बाजूचा." पाकीट बाहेर काढलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ओळख पटल्यासारखा तो त्या पाच पोरांकडे बघत राहिला आणि मग खिडकीकडे बघायला लागला.

मी सुई ठेवली. आतून एक जाडजूड, ओढलेला, झोपाळू आवाज आला. गाणं असं चाललं होतं की गाणाऱ्याला ताप असावा.

बाबा उठून उभे राहिले. "ऐका! हीच ती लय! माझी संथ लय! साहेबांनी बुवांची चाल घेतल्यानी!"

बुवा पार्टीनं टाळ्या वाजवल्या. पण मामातल्या वादकाला राहवेना. त्यानं हात पुढे करून प्लेअरचा खटका फिरवला. "चुकीच्या स्पीडवर लावलीय," तो हळूच म्हणाला. गाणं एकदम उड्या मारायला लागलं. ते मामाचंच गाणं होतं, नाकातल्या आवाजासकट.

आता हसण्याची पाळी बुवा पार्टीची होती, आणि गिटार पार्टीही हसत होती. पखवाजवाला म्हणाला, "काय मामा, स्वतःचं ना?"

"मी म्हटलं बसवलं," मामा म्हणाला. "बनवलं असं कुठे म्हटलं? बसवलं म्हणजे बसवलं. बोटीवर असायचा आमच्या वाडीतला एकजण, त्यानं रेकॉर्ड आणली, आम्ही ऐकून ऐकून बसवलं. सोपं आहे का ते?" मग जरा थांबून म्हणाला, "आणि आम्ही ह्यांच्यापेक्षा चांगलं वाजवायचो."

बाबांना जिंकल्याचा आनंद घ्यायला मी फार वेळ दिला नाही. रेकॉर्डच्या मधल्या कागदी चकतीवर गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत काय छापलंय, ते मी मोठ्यानं वाचलं. त्या पोरांपैकी कुणाचंच नाव नव्हतं. इंग्रजीत लिहिलं होतं, 'पारंपरिक'.

"म्हणजे त्यांचंही नाही," मी म्हटलं.

"पारंपरिक म्हणजे आमचाच!" बाबा म्हणाले. "भजनाच्या पुस्तकात काय लिवतत? 'चाल पारंपरिक'!"

वाद पुन्हा पेटला. पण आता मला शब्दांचीही ओढ लागली होती. गोऱ्या पोरांचे उच्चार मामापेक्षा बरे होते. मी सुई पुन्हा पुन्हा मागे नेऊन एकेक ओळ कागदावर उतरवली आणि मराठीत सांगितली. एक तरुण आपल्या मैत्रिणीला विनवत होता: अगं, मला लाथ मारू नकोस. तुला पोटभर मका घालीन. वस्ती दिसेपर्यंत तरी चल. रस्त्यात बसू नकोस.

माझ्या हातातला कागद हातोहात खोलीभर फिरला.

"मैत्रिणीला मका?" पखवाजवाल्यानं विचारलं.

"ती कविता आहे," मामा म्हणाला. "परदेशी कविता. त्याचा असा सरळ अर्थ नसतो."

मामानं हे गाणं समोरच्या माडीवरच्या एका मुलीसाठी बरेच महिने म्हटलं होतं, ही गोष्ट त्याच दुपारी त्याच्या तोंडून निसटली. तो त्याच्या वाडीतल्या खिडकीत उभा राहायचा, ती तिच्या खिडकीत यायची. एक दिवस तिनं खिडकी लावून घेतली आणि पुढे उघडलीच नाही.

या गाण्याचं मूळ सांगू शकेल असा एकच माणूस मामाला माहीत होता, आणि त्याच्याकडे जायला तो तयार नव्हता. गिरगावातच, चर्चमागच्या गल्लीत, एक म्हातारा गोवेकर वादक राहायचा. सगळे त्याला अंकल म्हणायचे. तरुणपणी मोठ्या हॉटेलांत डान्स बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. साठच्या दशकात मामाच्या ग्रुपनं त्याला तालमीला बोलावलं होतं. तो आला, एक गाणं ऐकलं, लग्नाच्या खुर्च्यांपैकी एक उचलली आणि म्हणाला, "ही घेऊन जातो. आजच्या दुपारी मिळालेली एवढीच चांगली गोष्ट." मामाला तो अपमान अजून लागत होता. शेवटी मीच त्याला ओढून नेलं.

लाकडी जिन्यावरून वर गेलो. अंकल पायजम्यावर बनियन घालून बसले होते. मामाला बघून त्यांनी डोळे बारीक केले. "खुर्ची परत पाहिजे काय?" ते म्हणाले. ती खुर्ची खरोखरच कोपऱ्यात होती.

मी आमची रेकॉर्ड त्यांच्या प्लेअरवर लावली. पहिल्या ओळीलाच अंकल हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, खोकल्यातून पुन्हा हसू.

"बाय गो," ते मला म्हणाले, "हे खेचराचं गाणं आहे! खेचर! म्यूल! तो माणूस खेचराला सांगतोय, चल, लाथ मारू नको, मका देतो. ह्या पोरांनी काय केलं, तर खेचर काढलं आणि पोरगी घातली. बाकी सगळं तसंच ठेवलं! लाथ तशीच, मका तसाच!"

मामा त्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसला. मग म्हणाला, "ती कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली होती. तिला इंग्रजी चांगलं यायचं." आणि तो स्वतःच हसायला लागला. मी त्याला इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. अंकलनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कपाटातून तीन पेले काढले. माझ्या पेल्यात सरबत घातलं.

मग त्यांनी एक मोठी, जड, काळी रेकॉर्ड काढली. जुन्या लाखेच्या असायच्या तशी. लढाईच्या काळात मुंबईत आलेल्या एका अमेरिकन शिपायानं ती त्यांना दिली होती. ते म्हणाले, "मूळ हे. आणि ह्याचं पण मूळ सांगू? गोवा. आमचा मांडो, लग्नात गातात तो. खलाशांनी नेला." मी विचारलं, "ह्याला पुरावा?" ते म्हणाले, "माझी आजी म्हणायची." मामानं आणि मी एकमेकांकडे बघितलं. बाबांना एक जोडीदार मिळाला होता.

ती रेकॉर्ड ते कुणाला द्यायला तयार नव्हते. म्हणून रविवारी ते स्वतःच आले, रेकॉर्ड टॉवेलमध्ये गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून. कोट-टाय घालून लालबागच्या चाळीत शिरलेला हा म्हातारा बघून लोकांना वाटलं, कोर्टाचाच माणूस आलाय. त्यामुळे सगळे आपोआप नीट बसले. आई त्या दिवशी घरी होती. ओट्याजवळ बांगड्यांना मसाला लावत होती.

सुई टेकली. आधी नुसती खरखर. मग एक गिटार, एकच, आणि तिच्याखाली पायाचा ठोका. लाकडी जमिनीवर जोड्याची टाच आपटावी तसा. मग आवाज आला. काळ्या, वयस्क माणसाचा. तो ओरडत नव्हता, विनवतही नव्हता. तो खेचराशी बोलत होता, जसं माणूस रोजच्या सोबत्याशी बोलतो. चल. थांबू नको. पोचलो की खायला घालतो. चाल तीच होती, दत्ताच्या गजरातली, पण आता ती चढत नव्हती आणि उड्याही मारत नव्हती. नुसती चालत होती.

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं होतं, आता काहीतरी जोरदार येणार. पण ते मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांच्या पायाचा अंगठा त्या ठोक्याबरोबर हलत होता.

रेकॉर्ड संपली. बाबा म्हणाले, "परत लावा."

दुसऱ्यांदा संपली तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, आणि हळू आवाजात बोललेले ते मी क्वचितच ऐकलेत: "ह्यो माणूस पाळी करून इलोहा. गळो दमलोहा त्याचो. ताल नाय दमलो."

पखवाजवाल्यानं नाक शिंकरलं आणि मिरच्यांवर ढकललं.

पण गिटार पार्टी असं सोडणार नव्हती. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "ते सगळं खरं, पण बुवांकडे चाल आली कुठून, ते राहिलंच की. अमेरिकेतलं खेचर मालवणच्या देवळात कसं पोचलं?"

"माझ्या बुवांनी," बाबांनी सुरुवात केली.

"कुठले बुवा?" ओट्याजवळून आवाज आला. आई मसाल्याचे हात तसेच वर धरून उभी होती. "मी गुणगुणायचे ते. लग्नानंतर पहिल्या वर्षी. माहेरी हा दिवसभर ते एकच वाजवायचा, माझ्या डोक्यात बसलं होतं. इथे भाकऱ्या थापताना तोंडात यायचं. तुम्ही रात्रपाळी करून आलात की माळ्यावर झोपायचात आणि खालून तेच ऐकू यायचं. एक दिवस उठलात आणि म्हणालात, मला स्वप्नात चाल सुचली."

आता मात्र खोलीत जो गलका उडाला, तो खालच्या मजल्यावरून लोक वर यावेत असा होता. मामा टाळ्या वाजवत होता. अंकल मला विचारत होते, "काय म्हणाली? काय म्हणाली?" बाबा आईकडे बघत होते.

"स्वप्नात नाय," ते शेवटी म्हणाले. "बुवांनी दिलेली माका... माका वाटला होता तसा."

"वाटलं असेल."

"मगे इतके दिवस बोललंस कित्याक नाय?"

"बोलले असते तर रविवारी काय केलं असतं तुम्ही दोघांनी?" आई म्हणाली आणि तव्यावर बांगडा सोडला. चरचर आवाज झाला आणि बाकीचं बोलणं त्यात बुडालं.

त्या वर्षीच्या गणपतीत आमच्या गल्लीतला मांडव लहान होता. भजन मात्र ठरलं आणि बाबांनी स्वतः मामाला सांगितलं, "तुझी ती गिटार घेऊन ये." मामा आला आणि पहिल्याच मिनिटाला अडलं. बाबांची पेटी काळी चारच्या सुरात. मामाला गिटारवर जे काही यायचं ते त्याच्या एकाच सुरात, आणि तो सूर बाबांच्या खाली.

"जरा खाली या, भाऊजी," मामा म्हणाला.

"देवाचो सूर खाली येवचो नाय. तू वर ये."

दोघंही हटेनात. समोर लोक बसलेले. शेवटी मी माझ्या पर्समधली पेन्सिल काढून दिली. मामानं ती गिटारच्या दांड्यावर चौथ्या पट्टीला आडवी ठेवली आणि आईच्या वेणीचे रबर घेऊन दोन्ही बाजूंनी करकचून बांधली. तारा वर चढल्या. मामानं एकदा हात फिरवला. बाबांनी पेटीचा सूर धरला. बरोबर बसला. अंकल मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी ट्रम्पेट आणली होती. गजर धावायला लागला तसा त्यांनी ती तोंडाला लावली आणि मग आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी सुद्धा टाळ घेतले. गजर संपेचना. प्रत्येकाला वाटत होतं, थांबवायचं काम दुसऱ्याचं आहे.

बाबांची गिरणी पुन्हा सुरू झाली, असं म्हणायला काही महिने ती चालली, पण बाबांना तिनं परत घेतलं नाही. ते दादरच्या एका साड्यांच्या दुकानात लागले. दिवसभर गिऱ्हाइकांनी उलगडून टाकलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या. घरी येऊन सांगायचे, आज एक साडी आली होती, काठ बघितला, विणणाऱ्याचं लक्ष घरी होतं. गुरुवारचं भजन त्यांनी सोडलं नाही. अंकलही कधी कधी यायचे. मासे खायचे आणि मांडोचा विषय काढायचे, आणि बाबा आता त्यांच्याशी वाद घालायचे.

गजराची ख्याती जरा पसरली होती. एकदा परळचे एक बुवा आमच्याकडे आले. बाबांचे जुने प्रतिस्पर्धी, डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, समोरासमोर बसलेले. त्यांना ती चाल हवी होती. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मग त्यांनी मागितली. बाबा इतक्या सहज हो म्हणाले की मला संशय आला. त्यांनी त्यांना समोर बसवून शिकवायला सुरुवात केली. पहिली ओळ बरोबर. दुसऱ्या ओळीत मात्र एक वळण त्यांनी जाणूनबुजून उलटं घातलं. जिथे चाल खाली यायची तिथे वर नेऊन ठेवली, म्हणजे पुढे ती कुठेतरी अडखळणार, नक्की. परळच्या बुवांनी ते मनापासून पाठ केलं, आशीर्वाद घेतला आणि गेले.

"हे काय केलंत?" आई म्हणाली.

"काय केलंय?" बाबा म्हणाले. "शिकवलंय."

महिनाभराने आम्ही परळला त्यांच्या भजनाला गेलो. बाबा मुद्दाम पुढे बसले. मांडी घालून, हाताची घडी, चेहरा साधा ठेवून. परळच्या बुवांनी गजर घेतला. दुसरी ओळ आली, चाल वर गेली, आणि अडखळली नाही. वरच थांबली, क्षणभर लोंबकळली आणि मग अशी खाली उतरली की मांडवातल्या बायकांनी आपोआप हात जोडले.

बाबांची घडी सुटली. घरी आल्यावर खुंटीला सदरा लावता लावता ते ती दुसरी ओळ गुणगुणत होते, परळच्या पद्धतीनं, दोनदा, तीनदा, वळण नीट बसेपर्यंत. मी आणि आईनं एकमेकींकडे बघितलं नाही, नाहीतर हसू फुटलं असतं. पुढच्या गुरुवारपासून आमच्याकडेही गजर तसाच म्हणायला लागले.